बेळगाव भागात अचानक दात ठणकला, इन्शुरन्स नाही, खिसा रिकामा: कुठं जायचं, काय करायचं

हे मुख्यतः नवीन लोकांसाठी लिहितोय. म्हणजे उद्यमबाग-मच्छेला कामाला लागलेली पोरं, शिकायला रूम करून राहिलेले, लग्न होऊन चंदगड-गडहिंग्लजकडून इकडं आलेल्या बायका, आणि ज्यांनी आयुष्यात कधी दाताच्या डॉक्टरची पायरी चढलेली नाही असे आपलेच लोक, ते तर गल्लोगल्ली आहेत.

पहिलं म्हणजे इन्शुरन्स नाही म्हणून घाबरू नका. दाताचा इन्शुरन्स आपल्याकडं जवळपास कुणाकडंच नसतो ओ. मेडिक्लेम भरणाऱ्यांनाही साध्या दातदुखीचे पैसे सहसा मिळत नाहीत, अपघातात तोंडाला मार लागला तर गोष्ट वेगळी. त्यामुळं खिशातनं पैसे देणारा पेशंट डॉक्टरला रोजचाच आहे, लाजायचं काही कारण नाही.

दुसरं आणि महत्त्वाचं, इमर्जन्सीत पूर्ण ट्रीटमेंट करायची नसते. आज फक्त दुखणं आणि इन्फेक्शन थांबवायचं, रूट कॅनल (आतली खराब नस काढून दात वाचवणं), कॅप (दातावर बसवायचं टोपण), ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) हे सगळं नंतर सवडीनं, स्वस्त जागा बघून, हप्त्याहप्त्यानं. लोक अडकतात ते इथंच. रात्रभर झोप नाही, सकाळी दिसेल त्या क्लिनिकात शिरायचं, तिथं एकदम मोठा आकडा ऐकायचा, मग एकतर उसने पैसे काढायचे नाहीतर घाबरून घरी येऊन महिनाभर गोळ्या खायच्या. दोन्ही नको.

आधी ठरवा: दाताचा डॉक्टर की थेट कॅज्युअल्टी (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग)

गाल सुजलाय आणि सूज डोळ्याकडं नाहीतर खाली गळ्याकडं, हनुवटीखाली उतरायलीय, तोंड दोन बोटं मावतील एवढंही उघडत नाही, थुंकी गिळताना त्रास, आवाज बदललाय, अंगात ताप, श्वासाला जड, यातलं काही असेल तर डेंटल क्लिनिक शोधत बसू नका. दाताचा पू गळ्यात उतरला तर श्वासनलिका दाबली जाते आणि माणूस जाऊ शकतो, हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. १०८ ला फोन करा नाहीतर गाडी करून सरळ मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. बेळगावात चन्नम्मा सर्कलजवळ सिव्हिल हॉस्पिटल आहे, म्हणजे आताचं बिम्स, सरकारी असल्यानं खर्च सगळ्यात कमी. नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. तिथं गेल्यावर नुसतं ‘दात दुखतोय’ म्हणू नका, लाईनीत मागं बसवतील. ‘सूज गळ्याकडं चाललीय, गिळता येत नाही’ असं स्पष्ट सांगा.

अपघातात जबड्याला मार लागून दात एकमेकांवर बसत नसतील तरी कॅज्युअल्टीच. डोक्याला मार लागून उलटी किंवा चक्कर असेल तर आधी डोकं, दात नंतर.

आणि एक, पोरगं खेळताना पडलं आणि पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर घड्याळ चालू झालं म्हणून समजा. दात पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही, साबण नाही. माती लागली असेल तर दुधानं किंवा साध्या पाण्यानं हलकंच काही सेकंद धुवायचा. पोरगं जाणतं असेल तर लगेच त्याच खाचेत बसवून वर स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा, नाही जमलं तर एका छोट्या डब्यात थंड दूध घालून त्यात दात टाकायचा आणि पळायचं. अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची आशा चांगली, तासाच्या वर गेलं की कमी होत जाते. कागदात गुंडाळून खिशात टाकला तर तो वाळतो आणि मुळावरचा जिवंत थर मरतो. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला धक्का लागतो.

सकाळ होईपर्यंत काय करायचं

बाकी सगळं, म्हणजे ठणका, कीड, तुटलेला दात, दातात भरलेलं सिमेंट पडणं, अक्कलदाढेची हिरडी सुजणं, हे बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकतं.

कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, खड्ड्यात अडकलेलं अन्न ब्रशनं किंवा धाग्यानं काढा, अर्धं दुखणं कधीकधी त्यानंच जातं. बाहेरून गालावर बर्फाचं फडकं. गरम शेक देऊ नका, आतमध्ये पू असेल तर सूज अजून पसरते. झोपताना दोन उशा घ्या, आडवं पडलं की डोक्याकडं रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका जास्त जाणवतो.

गोळी म्हणाल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ६५० ची एक, सहा तासांनी परत, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर एवढीही विचारूनच. पोटात काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन ४०० घेतली तर दाताच्या दुखण्याला चांगली लागू पडते, पण किडनी, अल्सर, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणारे, गरोदर बायका आणि डेंग्यूचा संशय असलेला ताप, यांनी ती घ्यायची नाही. जनऔषधी केंद्रात ह्याच गोळ्या खूप कमी पैशात मिळतात, नाव ब्रँडचं नाही औषधाचं सांगायचं.

लवंगतेल चालतं, पण कापसाला एक थेंब लावून फक्त खड्ड्यात. हिरडीला चोळलं तर भाजतं. गोळी कुटून दातावर ठेवणं, तंबाखू दाबून धरणं, मिश्री घासणं, गल्लीत कुणीतरी सांगितलेलं पेट्रोलचं बोट, हे काहीही नको. निपाणीकडचा माणूस तंबाखूला औषध म्हणतो ते मला माहीत आहे, तरी नको.

अँटिबायोटिक मेडिकलवाल्याकडनं मागून घ्यायची सवय आपल्याकडं भयंकर आहे. दाताची नस सुजली असेल तर अँटिबायोटिकनं दुखणं थांबत नाही, नस मोकळी करावीच लागते. पू झाला असेल तर गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं, मूळ तिथंच राहतं, आणि तेच पुढं दुप्पट होऊन येतं.

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं: डेंटल कॉलेज

बेळगावचं नशीब चांगलं की शहरात दोन डेंटल कॉलेजं आहेत. एक केएलईचं, नेहरूनगरला त्यांच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात, आणि दुसरं मराठा मंडळचं नाथाजीराव हलगेकर डेंटल कॉलेज, बॉक्साईट रोडला. रिक्षावाल्याला ‘केएलई डेंटल’ किंवा ‘मराठा मंडळ डेंटल’ म्हटलं की पुरे. खासगी क्लिनिकात जे काम हजारांत जातं त्यातलं बरंचसं इथं त्याच्या काही हिश्श्यात होतं, कारण काम शिकणारी मुलं करतात आणि त्यांना पेशंट पाहिजेच असतात.

‘शिकाऊ पोरं प्रयोग करतील’ ही भीती मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलीय. बघा, इंटर्न किंवा पीजी करणारा डॉक्टर काम करतो, मधेमधे सर किंवा मॅडम येऊन बघतात, सही केल्याशिवाय पुढची पायरी सुरू होत नाही. उलट खासगीत घाईत जे पंधरा मिनिटांत उरकतं त्याला इथं दीड तास घालवतात. तुमचा वेळ जातो हे मात्र खरं, आणि रोजंदारीवाल्याला वेळ म्हणजे पैसाच, ते धरूनच हिशोब करा.

जायचं ते सकाळी ओपीडी उघडायच्या आधी, आणि काहीतरी खाऊन. उपाशीपोटी दात काढायला बसून चक्कर येणारे रोज असतात. आधी काऊंटरला केसपेपर काढायचा, त्याचे थोडेसे पैसे. मग सगळ्यांना पहिल्यांदा तपासणीच्या विभागात पाठवतात, ओरल मेडिसिन म्हणतात त्याला. तिथं खुर्चीत बसवून एखादी मुलगी विचारणार, थंड लागतं की गरम, किती वेळ राहतं, रात्री आपोआप ठणकतं का, चावताना दुखतं का. मग आरशाच्या दांड्यानं एकेक दात टकटक वाजवून बघणार. ही उत्तरं घरूनच तयार करून जा कारण सगळं निदान त्यावर उभं असतं. थंड पाण्यानं क्षणभर कळ येऊन जाते तर सिमेंट भरून भागायची शक्यता असते. गरम चहानं दुखणं सुरू होऊन थांबतच नाही, रात्री ठणकतं, तर नसेपर्यंत गेलंय. दाबल्यावर दुखतं आणि दात उंच झाल्यासारखा वाटतो तर मुळाशी पू असू शकतो. बऱ्याच जणांना नेमका कुठला दात हेच सांगता येत नाही, खालचा दुखतोय वाटतं आणि निघतो वरचा, म्हणून जिथून सुरू झालं ती जागा लक्षात ठेवा, आणि जायच्या आधी जोरदार गोळी खाऊन दुखणं पूर्ण दाबू नका, नाहीतर तपासताना काहीच कळत नाही.

नंतर एका दाताचा छोटा एक्स-रे, क्वचित पूर्ण जबड्याचा मोठा. तो बघून तुम्हाला पुढच्या विभागात धाडतात. दात काढायचा तर ओरल सर्जरी, वाचवायचा तर कन्झर्व्हेटिव्ह, लहान पोरांचं वेगळं, हिरडीचं वेगळं. या फिराफिरीत नवीन माणूस वैतागतो आणि मधनंच घरी जातो. जाऊ नका. तुमचं वाक्य एकच, प्रत्येक ठिकाणी: ‘आज दुखणं थांबवून द्या, रूट कॅनलच्या पुढच्या तारखा नंतर घेतो.’ नस दुखत असेल तर त्या दिवशी दात ओपन करून आतलं साफ करून वर तात्पुरतं औषध भरतात, आणि तेवढ्यानंच माणूस रात्री झोपतो.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. स्टाफ मराठी बोलतो, शिकणारी मुलं बाहेरच्या राज्यांतलीही असतात, त्यांच्याशी हिंदी चालतं. सरकारी दवाखान्यात फॉर्म कन्नडमध्ये असला तर शेजारच्याला विचारा, कुणीतरी भरून देतंच.

कॉलेजं रविवारी आणि सणाला बंद, आणि १ नोव्हेंबरला तर दात दुखूच देऊ नका, एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव, एकीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, चन्नम्मा सर्कलला रिक्षा पोचणं मुश्कील.

बेळगाव शहरात नसाल तर

खानापूरवाल्यांना बेळगावच बरं, बस आहे, रेल्वे आहे. साधा दात काढायचा असेल तर मात्र आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डेंटलचा डॉक्टर आज आहे का ते सकाळी फोन करून विचारा, तिथं झालं तर जवळजवळ फुकटात होतं. चिकोडी, गोकाक, अथणी, हुक्केरी सगळीकडं हेच करा.

निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिथं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, आणि पलीकडं नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज. संकेश्वरकडच्यांना गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय. कागवाड, उगार, अथणीवाले तसेही सगळ्याला मिरजेलाच जातात, तिथनं जवळच सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटलांच्या नावाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. रायबाग, कुडची, घटप्रभा रेल्वेवर आहेत, मिरज की बेळगाव ते गाडीच्या वेळेवर ठरवा. बैलहोंगल-कित्तूरकडनं धारवाडचं एसडीएम डेंटल कॉलेज, सत्तूरला.

यात प्रवासखर्चाचा एक हिशोब बसतो. कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत तिकीट नाही, कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं. पण ते राज्याच्या हद्दीतच. रूट कॅनलला चार-पाच फेऱ्या होणार असतील तर निपाणीच्या बाईला लांबचं बेळगाव जवळच्या कोल्हापूरपेक्षा स्वस्त पडू शकतं, हे आधी मांडून बघा.

खासगीत जायचीच वेळ आली तर

रविवार आहे, कॉलेज बंद, दुखणं सहन होत नाही, तर टिळकवाडी, शहापूर, खडेबाजार भागातलं एखादं क्लिनिक फोन करून शोधा. आत जायच्या आधी बोर्डावर बीडीएस किंवा एमडीएस (दाताच्या डॉक्टरच्या डिग्र्या) आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना नोंदणी लागते आणि दर लावायचे असतात, तर दर विचारण्यात काही गैर नाही.

खुर्चीत बसायच्या आधीच बोला, तोंडात मशीन असताना कुणाला घासाघीस जमत नाही. असं म्हणा: ‘डॉक्टर, माझ्याकडं आज एवढेच पैसे आहेत. आज दुखणं थांबवायला काय करता येईल आणि त्याला किती?’ मग विचारा, दात वाचवला तर कॅप धरून एकूण किती, काढला तर किती, आणि आज नाही केलं तर काय होईल. रूट कॅनलचा आकडा सांगताना कॅप त्यात धरलीय का हे विचारायला लोक हमखास विसरतात, दाढेला तर कॅप लागतेच लागते नाहीतर ती पुढं चिरते. आकडा केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रेचा फोटो मोबाईलवर मागून घ्या, उद्या कॉलेजला गेलात तर कदाचित परत काढावा लागणार नाही. चांगले डॉक्टर यातलं काही नाकारत नाहीत, आणि जो ‘आत्ताच सगळं करा नाहीतर वाट लागेल’ म्हणून घाई करतो तिथं सूज-ताप नसेल तर ‘घरी विचारून येतो’ म्हणून उठलेलं बरं.

पैसे नाहीत म्हणून वाचणारा दात काढून टाकावा का, हे अवघड आहे. मागची अक्कलदाढ असेल तर खुशाल काढा. चावायची मुख्य दाढ असेल तर माझं मत, दात ओपन करून ठेवून कॉलेजमध्ये रूट कॅनल करा, पण ओपन करून वर्षभर तसाच सोडणार असाल तर त्यापेक्षा काढलेली परवडली.

बाजारात खाली सतरंजी टाकून बसणारे, नाहीतर डिग्री नसलेले ‘दातवाले’, तिकडं दुखणं घेऊन कधीच जाऊ नका. तेच चिमटे एकानंतर एकाला, त्यातनं कावीळसुद्धा लागू शकते, आणि ते जो नकली दात शेजारच्या दातांना चिकटवून देतात त्याखाली हिरडी सडते.

घरातली कार्डं बाहेर काढा

इन्शुरन्स नाही म्हणणाऱ्यांकडं कधीकधी काहीतरी असतंच. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का बघा. महिना २१ हजारापर्यंत पगार असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला ते असतं, बेळगावात ईएसआयचा दवाखाना आहे, आणि फाउंड्रीतल्या निम्म्या पोरांना आपलं कार्ड आहे हेच ठाऊक नसतं. घरात कुणी मराठा रेजिमेंटमधनं किंवा कुठल्याही पलटणीतनं रिटायर असेल तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर त्याच्या बायकोचं आणि अवलंबून असलेल्या मुलांचं दातांचंही बघतात. निपाणीकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याणच्या दवाखान्यात औषधाला कामाला येतं. पोरगं सरकारी शाळेत किंवा अंगणवाडीत असेल तर आरबीएसके म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची टीम येते, त्यात दात पण बघतात, बाईंना विचारून चिठ्ठी घ्या.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड काढून ठेवा, पण त्यावर सिमेंट किंवा रूट कॅनल होईल या भ्रमात राहू नका. ते ॲडमिट करून करायच्या मोठ्या गोष्टींना, जबड्याचं फ्रॅक्चर वगैरे. सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये केला, त्यावरनं दोन्हीकडं बरंच राजकारण झालं, पण तीही मोठ्या उपचारांची योजना, दाढेच्या ठणक्याला तिचा उपयोग नाही. बीपीएल कार्ड आणि आधारची झेरॉक्स मात्र पिशवीत कायम असू द्या आणि प्रत्येक काऊंटरला ‘सवलत काय आहे’ म्हणून विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

डॉक्टरला न लपवता सांगायच्या गोष्टी: शुगर, बीपी, हार्टचं काही, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी. रक्ताची गोळी आपल्या मनानं बंद करून जाऊ नका.

दात काढल्यावर

कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. त्या दिवशी थुंकायचं नाही, गुळणी नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, कारण खड्ड्यात जी रक्ताची गाठ बसते तीच मलमपट्टी असते. थंड मऊ खा, आइस्क्रीम, दहीभात. रक्त थांबत नाही असं वाटलं तर स्वच्छ ओल्या कापडाची घडी करून परत अर्धा तास चावा, तरीही तोंड भरून येत असेल तर कॅज्युअल्टी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, हलकंच. तंबाखू, गुटखा, विडी, मिश्री निदान तीन-चार दिवस बंद, नाहीतर गाठ निघून हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट कळ कानापर्यंत जाते. तशी कळ आली तर घरी गोळ्या खात बसू नका, ज्यानं काढला त्याच्याकडं जा, आत औषध भरून देतात.

आजी-आजोबांचे दात असेच एकेक करून गेले असतील तर कॉलेजला गेल्यावर दंतभाग्य योजनेचं पण विचारून या, बीपीएल कार्डवाल्या वयस्कर माणसांना कर्नाटक सरकारच्या त्या योजनेत पूर्ण कवळी फुकट बसवून देतात. कवळीला मापं घ्यायला तीन-चार फेऱ्या होतात, तर तुमच्या रूट कॅनलच्या तारखांनाच त्यांनाही सोबत न्या.